माधवला हवंय तरी काय?

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे कथा न वाचलेल्यांनाही संदर्भ लागेल. तुझ्या कथेतला माधव, बडोद्यात मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत नोकरी करणारा, चौतिशीचा, रोमँटिक, हळवा, समोरच्याच्या मनातलं न सांगता ओळखणारा. वृंदा तिथे अभ्यासाला येते, तिला कॅनडाला जायचंय, आयेल्ट्सची, म्हणजे परदेशी जाणाऱ्यांच्या इंग्रजीच्या परीक्षेची, तयारी चाललीये. त्याचं तिच्यावर प्रेम आहे, तो शेवटपर्यंत बोलत नाही, ती निघून जाते. आणि तू विचारतेस की ताई, ज्यांना वाचायला दिली ते सगळे म्हणतात माधव किती गोड आहे, पण वाचून कोणालाच काही होत नाही, असं का?

कारण तो गोडच आहे गं, बाकी काहीच नाही.

रागावू नकोस. मी कथा दोनदा वाचली, एकदा चहाबरोबर आणि एकदा पेन्सिल घेऊन. अकरा पानांत 'हळवा' हा शब्द नऊ वेळा आलाय, डोळ्यांत पाणी पाच वेळा, आणि शेवटच्या पानावर ती एअरपोर्टला निघते तेव्हा माधव पावसात भिजत उभा राहतो. तुझ्याच कथेत दोन पानं आधी दिवाळी होऊन गेलीये, मग नोव्हेंबरात बडोद्यात एवढा पाऊस कुठून आणलास? (अवकाळी पडतो कधीकधी, मान्य, पण तुझ्या पानावरचा अवकाळी नाहीये, तो सिनेमातला आहे.)

मला हे सगळं ओळखीचं वाटलं कारण माझी पहिली कथा अशीच होती. तीसेक वर्षं झाली असतील. माझी नायिका सगळ्यांना समजून घ्यायची, सासूला, दिराला, दूधवाल्याला, आणि रात्री खिडकीत उभी राहून कोणाची तरी आठवण काढायची. एका दिवाळी अंकाकडे पाठवली, ती परत आली आणि सोबत पोस्टकार्डावर दोन ओळी होत्या: नायिका फार चांगली आहे, तिला काही हवं आहे का? मी आठवडाभर चिडून होते. आता वीस वर्षं दुसऱ्यांच्या कथांवर पेन्सिल चालवल्यावर तोच प्रश्न मी सगळ्यांना विचारत सुटते, आज तुला विचारतेय. माधवला हवंय काय? 'वृंदा' हे उत्तर चालणार नाही, ते फार मोठं आहे, पानावर मावत नाही. आज, या सीनमध्ये, या टेबलाशी बसलेला असताना त्याला काय हवंय? तिने अजून दहा मिनिटं बसावं? तिने पेन विसरून जावं म्हणजे उद्या द्यायला मिळेल? असं काहीतरी बारकं, सांगायला लाज वाटेल असं.

समजूतदारपणा हा स्वभाव नाहीये, ते एक कौशल्य आहे, जसं कोणाला पटकन हिशोब करता येतो तसं याला पटकन दुसऱ्याचं मन वाचता येतं. आता ते वाचलेलं जेव्हा त्याच्या स्वतःच्या इच्छेच्या आड येतं तेव्हा तो काय करतो, तिथे माधव सुरू होतो. वृंदाला जायचंय हे त्याला कळतं, तिला हवं ते तिला मिळालं तर आपल्याला हवं ते जातं हेही कळतं, आणि तुझ्या ड्राफ्टमध्ये हे कळल्यावर तो काय करतो, तर उसासा सोडतो. अकरा पानं फक्त उसासे!

भावनेचं नाव घेऊन टाकायची ही सवय काही तुझ्या एकटीची नाही. आपल्याकडे तिला दोष म्हणून नावही आहे, स्वशब्दवाच्यत्व. अकराव्या शतकातल्या मम्मट या काव्यशास्त्रकाराने रसातल्या दोषांची यादी केलीये आणि तिची सुरुवातच या दोषाने होते. जो भाव वाचकाच्या मनात उठायला हवा त्याचं नाव लेखकानेच उच्चारलं की तो उठत नाही, आपण वाचून मान डोलावतो आणि पुढच्या ओळीवर जातो. तू 'माधव व्याकूळ झाला' लिहिलंस, मी 'बरं' म्हटलं. संपलं.

मग लिहायचं काय, तर आमच्या आत्याची गोष्ट सांगते, नाव नाही सांगत. आत्या दांडिया बाजारात राहायची, एकटी, घरी मराठी पेपर यायचा. तिच्या ओळखीचे एक गृहस्थ रोज संध्याकाळी यायचे, गुजराती, रिटायर्ड, बसायचे, चहा घ्यायचे, जायचे. त्यांना मराठी वाचता येत नसे म्हणून आत्याने गुजराती पेपरही सुरू केला. तिला गुजराती बोलता फर्स्टक्लास यायचं पण वाचता येत नव्हतं, इथल्या त्या पिढीत अशा बऱ्याच बायका होत्या. ते गृहस्थ बेसण्याच्या, म्हणजे कोणी गेल्यावरच्या शोकसभेच्या, जाहिरातींचं पान मोठ्याने वाचून दाखवायचे, कोण गेलं, बेसणुं कुठे, किती वाजता, आणि आत्या भाजी निवडत ऐकायची. बस, एवढंच होतं दोघांत, निदान आम्हाला दिसलं ते एवढंच. मग ते यायचे थांबले, मुलाकडे सुरतेला गेले कायमचे. गुजराती पेपर बंद झाला नाही. आम्ही पोरं हसायचो की आत्या रद्दीसाठी पेपर घेते. दोनेक वर्षांनी मी एका दुपारी गेले तर आत्या चष्मा लावून तेच पान वाचत होती, बोट फिरवत, ओठ हलवत, गुजराती अक्षरांना शिरोरेघ नसते म्हणून सुरुवातीला सगळं कशालाच लोंबकळत नसल्यासारखं वाटायचं म्हणे तिला, सुटं सुटं. कधी शिकली, कोणाकडून शिकली, काही पत्ता नाही.

यात 'हळवी' शब्द कुठे आला का सांग. आणि आत्या रडलीही नाही एकदाही, निदान माझ्यासमोर.

आता आशेचं बघू. तुझ्या तिसऱ्या पानावर वाक्य आहे, 'माधवला माहीत होतं की हे कधीच होणार नाही.' हे वाक्य तुझ्या कथेचा गळा दाबतंय. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात भरताने करुण (शोकाचा रस) आणि विप्रलंभ (विरहातला शृंगार) यांच्यातला फरक सांगितलाय तो मला कुठल्याही क्राफ्टच्या लेक्चरपेक्षा जास्त कामाचा वाटतो. करुण निरपेक्ष, विप्रलंभ सापेक्ष. म्हणजे करुणात आस संपलेली असते, माणूस शोक करतो. विप्रलंभात आस जिवंत असते, म्हणून तिथे उत्सुकता आणि चिंता या दोन्ही असतात. नंतरच्यांनी विप्रलंभाचेही प्रकार पाडले, पूर्वराग, मान, प्रवास, करुणविप्रलंभ, आणि तुझी गोष्ट चोख पूर्वरागाची आहे, अजून काही घडलेलंच नाही, फक्त बघणं आणि झुरणं. पण तू ती शोकाच्या सुरात लिहिलीयेस, जणू वृंदा वारलीये. बाई तिसऱ्या पानावर धडधाकट बसून सेव उसळ खातेय!

ते वाक्य काढ आणि उलटं कर, प्रत्येक सीनमध्ये माधवला थोडी थोडी आस मिळू दे. ती शनिवारी विचारते, सोमवारी तुम्ही आहात ना. ती त्याच्यासाठी बाजूची खुर्ची धरून ठेवते, बॅग ठेवून. सेव उसळ मागवताना त्याला न विचारता दुकानदाराला सांगते, यांच्यात तिखट कमी घाला. हा शेवटचा मला जास्त आवडेल कारण त्यात वृंदालाही मन वाचता येतं हे दिसतं. तुझ्या ड्राफ्टमध्ये समजून घेण्याचं सगळं कंत्राट माधवकडे आहे आणि वृंदा नुसती सुंदर. असं नसतं गं. अकरा महिने रोज समोर बसणाऱ्या बाईला काही कळत नाही असं वाचकाला पटणार नाही, बायकांना तर मुळीच नाही.

आणि एक गोष्ट तुझ्या हातात आहे जी पुण्याच्या लेखकाला मिळणार नाही. आपल्याकडे सगळ्यांना भाई लागतं. लायब्ररीत तो माधवभाई, ती वृंदाबेन, मराठी असले तरी, चार लोकांत तसंच बोलतो आपण. इथल्या माणसाला माहितीये की त्यात भावाबहिणीचं काही नसतं, ते नुसतं आदराचं शेपूट आहे, पण प्रेमात पडलेल्या माणसाला ते रोज टोचणारच ना? तू अकरा पानांत एकदाही 'माधवभाई' वापरलं नाहीस, सरळ 'माधव' म्हणायला लावलंस तिला पहिल्या भेटीपासून, म्हणजे घरातली तिजोरी उघडी टाकून झोपलीस. तिला सात पानं माधवभाई म्हणू दे, तुम्ही म्हणू दे, आणि मग एके दिवशी घाईत, जिन्यावरून, 'माधव, थांब ना' एवढंच. 'थांबा' नाही, 'थांब'. त्यानंतर ती परत माधवभाईवर गेली तरी चालेल, गेलेली जास्त बरी. माधव त्या 'थांब'वर पुढचे तीन आठवडे जगेल, तुला व्याकूळ वगैरे लिहावं लागणार नाही.

आता मुख्य. तुझ्या सहाव्या पानावर जाता जाता एक ओळ आहे, 'तो तिची प्रॅक्टिसची पत्रं तपासून द्यायचा', आणि तू लगेच पुढे गेलीस चंद्राच्या वर्णनावर. अगं सोनं तिथे पडलंय! माझ्या पेन्सिलीने त्या ओळीला तीन गोल केलेत.

बघ, आयेल्ट्सच्या जनरल ट्रेनिंग या प्रकारात रायटिंगचा पहिला टास्क पत्राचा असतो, कमीत कमी १५० शब्द, साधारण वीस मिनिटांत लिहायचं. कधी तक्रारीचं, कधी नोकरीचं, कधी मित्राला. म्हणजे तुझ्या कथेत एक बाई आठवड्याला दोन-तीन पत्रं लिहितेय आणि एक पुरुष ती वाचतोय, आणि एकही पत्र त्याला नाहीये. तू ठरवून शोधलं असतंस तरी असं मिळालं नसतं. शिवाय त्याची मदत म्हणजे तिचं तिकीट आहे, जितकं चांगलं शिकवेल तितकी ती लवकर जाईल. माझं म्हणणं होतं ना की समजूतदारपणा इच्छेच्या आड यायला हवा, तो इथे आयताच आलेला आहे, तुला फक्त बघायचंय.

मी असा सीन लिहीन. विषय आलाय, खूप दिवसांत न भेटलेल्या मित्राला पत्र लिहा. वृंदा लिहून आणते. माधव लाल पेनाने तपासतो, स्पेलिंग, आर्टिकल, सगळं. मध्यात एक वाक्य येतं, 'आय ॲम मिसिंग यू सिन्स टू इयर्स.' आपल्याकडची ठरलेली चूक, हिंदी-मराठी-गुजराती डोक्याने केलेली. माधवने एम. ए. इंग्लिश केलंय, त्याला झोपेतही कळेल की इथे 'हॅव बीन मिसिंग' हवं आणि 'सिन्स' जाऊन 'फॉर' हवं. पेन तिथे येतं, थांबतं, आणि पुढच्या ओळीवर जातं. तो ते वाक्य तसंच सोडतो.

का सोडतो? सांगू नकोस. मला विचारशील तर दोन्ही कारणं खरी आहेत, एक म्हणजे चुकीचं असलं तरी ते वाक्य त्याला तसंच ऐकायला बरं वाटलं, अजून चालूच आहे असं, आणि दुसरं, जे तो स्वतःशीही कबूल करणार नाही, की तिची एक चूक राहिली तर बिघडलं कुठे. त्याच्या सगळ्या चांगुलपणात ही एक काळी रेघ. ती ओढलीस की तो मला आवडायला लागेल, कारण मग त्याला काहीतरी हवंय हे मला दिसेल आणि त्यासाठी तो थोडासा खाली उतरला हेही. कोणाच्या तरी आयुष्यात लुडबूड करायची त्याची पहिली हिंमत, आणि ती पण न केलेल्या कामातून. हा माणूस जन्मात दुसरं काही करणारही नाही.

मग परीक्षा होते. ती आनंदाने सांगते की मित्राचंच पत्र आलं होतं, आपण केलेलं ना, मी ते वाक्य जसंच्या तसं टाकलं. रिझल्ट येतो, बाकी सगळं छान आणि रायटिंगला ६.५, तिला ७ हवेत. आता एका वाक्याने बँड, म्हणजे गुण, जात नाही, हे मला माहितीये, माधवलाही पक्कं माहितीये, पण ज्याच्या मनात खोट आहे त्याला हे गणित कोण समजावणार? ती परत फी भरते, परत यायला लागते, आणि माधवला दोन महिने मिळतात. जे त्याला हवं होतं नेमकं तेच.

आणि इथे तुझी कथा खऱ्या अर्थाने अपुरी राहते बघ. आधी तो बोलला नाही कारण तू त्याला भिडस्त केलं होतंस, ते वाचकाला ओळखीचं आहे, शंभरदा वाचलंय. आता तो बोलू शकत नाही कारण हे दोन महिने चोरीचे आहेत. आता 'तू मला आवडतेस' म्हणायचं तर आधी 'ती चूक मी ठेवली होती' म्हणावं लागेल, आणि ती दोन वाक्यं एकापाठोपाठ बोलता येण्यासारखी नाहीत. ती समोर बसलीये, 'माधवभाई, तुम्ही नसता तर माझं काय झालं असतं' म्हणतेय, आणि त्याला, ज्याला सगळ्यांच्या मनातलं कळतं, तिच्या मनातलं कळतंय आणि ऐकवत नाहीये. बाहेर कुठली सासू नको, जात नको, आजार नको, कॅनडाही नको खरं तर. अडथळा त्याच्याच टेबलावर आहे, लाल पेनाच्या शेजारी.

लायब्ररीबद्दल पटकन. १९१० साली सयाजीरावांनी सुरू केलेली संस्था, तू ती निवडलीस आणि तीन परिच्छेद इतिहास लिहिलास, तो काढ, वाचक गाईडबुक घेऊन बसलेला नाही. पण तिथल्या पुस्तकांच्या मजल्यांची फरशी काचेची आहे, जाड काच, खाली उजेड पोचावा म्हणून बसवलेली, आणि ती तुझ्या कथेत कुठेच नाही! लोखंडी रॅक आणि पायाखाली काच, अजून काय हवं. वृंदा एकदा परवानगी काढून वर जाते, माधव खालच्या मजल्यावर आहे, ती बरोब्बर त्याच्या डोक्यावर येऊन उभी राहते आणि त्याच्या हातातल्या रजिस्टरवरचा उजेड कमी होतो. तो वर बघत नाही. दोन ओळी, जास्त नको.

पावसाचं काय करायचं विचारशील. देवदिवाळी घाल ना, इथली, कार्तिकी पौर्णिमेची, तुझी तारीख तीच आहे. नरसिंहजींचा वरघोडा, म्हणजे वरात, निघतो त्या संध्याकाळी, देव तुळशीवाडीला लग्नाला चाललेत, मांडवीत पाय ठेवायला जागा नसते, दोघं गर्दीत अडकलेत आणि धक्क्याने खांद्याला खांदा लागतोय. फक्त 'देवाचं लग्न होतंय आणि माधवचं नाही' असं एक वाक्य जरी लिहिलंस तर पुढचा ड्राफ्ट मला पाठवू नकोस. आपोआप कळतं ते, बडोद्याबाहेरच्यालाही.

तुझा शेवटचा प्रश्न होता, वृंदाला शेवटी कळावं का. मला वाटतं तिला कळलेलं असावं, पण कधी कळलं ते माधवला कळू नये. दुसऱ्या खेपेच्या तयारीत ती जुनी पत्रं घेऊन बसते, सगळी लाल झालेली, आणि त्या एका कागदावर तेवढी एक ओळ कोरी. ती बघते. मग कागद त्याच्यासमोर सरकवते आणि म्हणते, हे एकदा परत बघता का, काही राहिलंय का. आवाजात काही नाही, राग नाही, लाडही नाही. तो चष्मा पुसतो, 'सिन्स' खोडतो, वर 'फॉर' लिहितो, 'ॲम' खोडून 'हॅव बीन' लिहितो, आणि कागद तिला परत देतो. ती म्हणते, थँक यू माधवभाई, आणि फाइलला लावते.

तिथे थांब. एअरपोर्टपर्यंत जाऊ नकोस.